युरोपातली एका दिवसाची सहल: रेल्वेचं तिकीट कधी काढायचं?

आपल्याकडे लांबच्या गाडीचं तिकीट म्हटलं की हिशोब ठरलेला असतो. ६० दिवस आधी सकाळी आठला आयआरसीटीसी उघडून बसायचं, नाही जमलं तर तत्काळ, तेही हुकलं तर वेटिंग. भाडं जवळपास ठरलेलं, मारामारी जागेची. हीच सवय घेऊन माणूस रोमला किंवा म्युनिकला उतरतो आणि दोनपैकी एक घोटाळा करतो. एक तर जिथे काडीची गरज नाही तिथे दोन महिने आधी तिकीट काढून स्वतःला त्या तारखेला बांधून घेतो. नाहीतर 'तिथे गेल्यावर बघू' म्हणतो आणि २५ युरोचं तिकीट ६० युरोला घेतो.

म्हणून 'किती दिवस आधी?' हा प्रश्न पहिला नव्हेच. आधी बघायचं ते हे, की आपल्या गाडीचं भाडं रोज बदलतं का, आणि ती गाडी भरून बंद होते का. या दोन उत्तरांवर बाकी सगळं ठरतं.

ठरलेल्या भाड्याच्या गाड्या: घाई नको

इटलीतल्या रेजिओनाले, फ्रान्समधल्या टीईआर, जर्मनीतल्या आरई आणि आरबी, ऑस्ट्रियातल्या आरईएक्स, बेल्जियमच्या देशांतर्गत गाड्या, नेदरलँड्समधल्या साध्या इंटरसिटी. या गाड्यांना भाडं ठरलेलं असतं आणि सहसा आरक्षण नसतं. मुंबईच्या लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट जसं आठवडाभर आधी काढून काही मिळत नाही, तसंच इथे. गाडी भरली तर उभं राहायचं, पण तिकीट नाही असं होत नाही.

एका दिवसाच्या सहलींपैकी निम्म्याहून जास्त या जातीत बसतात. फ्लॉरेन्सहून पिसा (साधारण एक तास) किंवा सिएना (दीड तास), मिलानहून कोमो सरोवराकाठचं वारेन्ना (एक तास पाच-दहा मिनिटं), नेपल्सहून पॉम्पेई, पॅरिसहून व्हर्साय, ब्रसेल्सहून ब्रुज, व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा. शेवटच्या सहलीत तर देश बदलतो, तरी सुमारे तासाभराचा प्रवास आणि सलग शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट). इथे सकाळी उठून आभाळ बघायचं आणि मग तिकीट काढायचं. आदल्या रात्री मोबाइलवर काढलं तरी पुष्कळ.

आधी काढण्याचा फायदा नाही, तोटा मात्र आहे. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद असतो हे तिकीट काढून झाल्यावर कळतं, किंवा आदल्या दिवशी चालून चालून आजोबांचे गुडघे बोलायला लागतात. तारीख न बांधता ठेवलेली बरी.

या गाड्यांची एकच अडचण म्हणजे बसायला मिळेल याची खात्री नाही. वारेन्नाहून रविवारी संध्याकाळी मिलानला परतणारी गाडी उन्हाळ्यात खच्चून भरते. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर रविवार टाळा, किंवा चार वाजताची गाडी धरा. जाताना मिलानो चेंत्राले हे सुरुवातीचंच स्टेशन असल्यामुळे वीस मिनिटं आधी फलाटावर गेलात तर खिडकी मिळते. डावीकडची घ्या, लेक्कोनंतर सरोवर त्याच बाजूला राहतं.

भाडं वाढणाऱ्या गाड्या: इथे पैसे जातात

दुसरी जात वेगवान गाड्यांची. इटलीतल्या फ्रेच्चारोसा आणि इतालो, फ्रान्समधल्या टीजीव्ही आणि विगो, जर्मनीतली आयसीई, आणि लंडन-पॅरिसला जोडणारी युरोस्टार. यांचं भाडं विमानासारखं चढतं. स्वस्त तिकिटांचा कोटा संपला की पुढचा भाव, तो संपला की त्याच्या वरचा. शुक्रवार-रविवार संध्याकाळ आणि सुट्ट्यांचे दिवस सगळ्यात आधी महागतात. मंगळवार-बुधवारची दुपार बराच काळ स्वस्त राहते.

किती आधी काढायचं याला सरसकट आकडा नाही, पण आपल्या मार्गाचा चढ स्वतः मोजता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. त्या रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर जा. समजा तुम्हाला बुधवारी सकाळी आठच्या सुमारास रोमहून फ्लॉरेन्सला जायचंय. मग तीच आठची गाडी चार तारखांना बघा: येत्या बुधवारी, पुढच्या बुधवारी, चार आठवड्यांनंतरच्या आणि आठ आठवड्यांनंतरच्या. चार भाव कागदावर लिहा. चारही सारखेच आले तर ती ठरलेल्या भाड्याची गाडी, विषय संपला. आठ आठवड्यांचा भाव २५ आणि या आठवड्याचा ५५ आला, तर थांबण्याची किंमत माणशी एका बाजूची ३० युरो. चार जण, दोन्ही बाजू: २४० युरो. एक युरो शंभर रुपयांच्या घरात धरा, म्हणजे २४,००० रुपये. आता स्वतःला विचारा, तारीख मोकळी ठेवण्याला आपल्या लेखी एवढी किंमत आहे का?

चार आणि आठ आठवड्यांचा भाव सारखाच दिसतो, असंही पुष्कळदा होतं. मग आठ आठवडे आधी काढण्यात अर्थ नाही, चार पुरेत. चढ नेमका कुठे सुरू होतो ते यातून दिसतं. आम्ही या गाड्यांना साधारण तीन ते सहा आठवडे आधीची वेळ सुचवतो. ईस्टर, १५ ऑगस्टची सुट्टी (इटली आणि फ्रान्समध्ये हा मोठा सण) आणि नाताळाच्या आसपास दुप्पट आधी.

स्वस्त तिकिटाची अट मात्र वाचा. इटलीतल्या वेगवान गाड्यांत साधारण तीन थर असतात: बेस, इकॉनॉमी, सुपर इकॉनॉमी. बेस महाग, पण बदलता येतं. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण ना बदल ना परतावा. ती गाडी चुकली की तिकीट गेलं आणि पुढच्या गाडीला नवीन काढायचं. विगोच्या अटीही कडक.

हे सगळं पाहून कोणी म्हणेल, मग रोम-फ्लॉरेन्सलाही रेजिओनालेनेच जाऊ. स्वस्त आहे खरं, पण फ्रेच्चारोसाला दीड तास लागतो तिथे ती साडेतीन ते चार तास घेते. एका दिवसाच्या सहलीत आठ तास डब्यात काढायचे नसतात. उलट फ्लॉरेन्स-पिसाला वेगवान गाडी शोधत बसू नका, वाचतात ती चार-पाच मिनिटं.

तिकीट किती आधी उघडतं तेही बघून ठेवा. बऱ्याच रेल्वे तीन-चार महिने आधी विक्री सुरू करतात. पण युरोपचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं आणि जूनच्या मध्याला छोटा बदल होतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांना म्हणूनच ऑक्टोबरमध्ये 'गाडी नाही' असं दिसतं. गाडी असते, नवं वेळापत्रक अजून चढवलेलं नसतं. घाबरून बसचं तिकीट काढू नका, दर तीन-चार दिवसांनी बघत राहा.

तिसरी जात, जी हमखास फसवते

माद्रिदहून तोलेदो. आवांत नावाची वेगवान गाडी अतोचा स्टेशनहून अवघ्या ३३ मिनिटांत पोचवते, एका बाजूचे साधारण १४ युरो. भाडं ठरलेलं, आज काढा की महिन्याने. पण जागा मोजक्या आणि आरक्षण सक्तीचं, उभ्याने जाता येत नाही. लोक वाचतात 'भाडं वाढत नाही' आणि शनिवारी सकाळी स्टेशनवर जातात, तर दुपारी एकपर्यंतच्या गाड्या भरलेल्या. तोलेदो बघायला मग चार तास उरतात.

माद्रिदहून सेगोव्हियाला जाणारी गाडीही याच प्रकारची, ती शहरातल्या चामार्तिन स्टेशनहून सुटते. तिथलं वेगवान गाडीचं स्टेशन गावाबाहेर सहा-सात किलोमीटरवर आहे, तेव्हा पुढच्या बसची वीस मिनिटं धरा. अशा ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवसासाठी तीन-चार दिवस आधी, शनिवार-रविवारसाठी दहा दिवस आधी काढून मोकळं व्हावं. जाण्या-येण्याचं एकत्र काढलंत तर सवलत मिळते. स्पेनमध्ये वेगवान गाडीत चढण्याआधी सामान यंत्रातून जातं आणि दार सुटण्याच्या काही मिनिटं आधी बंद होतं. धावत गाडी पकडण्याचं आपलं कौशल्य इथे कामाचं नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, अडलं तर ४५ पर्यंत. रेल्वेचं स्वस्त तिकीट मात्र तीन महिने आधी खुणावत असतं. अर्जाबरोबर प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो, पण त्यात एका दिवसाच्या सहलीचं पैसे भरलेलं तिकीट लावायची गरज नसते. आराखड्यात 'फ्लॉरेन्स, रेल्वेने, सकाळी जाऊन रात्री परत' एवढं लिहिलेलं पुरतं. व्हिसा आला की त्याच संध्याकाळी चढत्या भाड्याची तिकिटं काढा. याचा सरळ अर्थ, व्हिसाचा अर्ज जितका लवकर तितकी सहल स्वस्त.

लंडनला मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना पॅरिस दाखवून आणायचं, हा बेत मराठी घरांत बराच चालतो. इथे तिकिटाआधी दोन व्हिसे तपासा. पॅरिसला उतरायला शेंगेन व्हिसा हवा आणि रात्री लंडनला परत शिरायला ब्रिटनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. उलट बाजूने, पॅरिसहून लंडन दिवसभरात करायचं असेल तर शेंगेन व्हिसावर एकच प्रवेश लिहिलाय का ते बघा. एकच असेल तर पॅरिस सोडताक्षणी तो संपला, रात्री परतीच्या गाडीत बसता येणार नाही. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात '०१' आहे की 'मल्ट', एवढंच बघायचंय.

व्हिसे ठीक असतील तर युरोस्टार दोन-तीन महिने आधी काढावी. आधी काढल्यास एका बाजूचे ५० पौंडांच्या आसपास सापडतात, आयत्या वेळी २०० च्या पुढे जातात. प्रवास सव्वादोन तासांचा, पण फ्रान्सचं घड्याळ एक तास पुढे, शिवाय गेट सुटण्याच्या अर्धा तास आधी बंद. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधीच होते आणि युरोपच्या नव्या नोंदणी पद्धतीत बोटांचे ठसे व फोटोही घेतात. स्टेशनवर दीड तास आधी पोचायचं धरून चाला. पहाटेच्या गाडीने गेलात तर साडेनऊच्या सुमारास पॅरिस, आणि रात्री नऊच्या आसपासची परतीची गाडी असेल तर साडेसातला पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर. हातात दहाएक तास. मधली एखादी सकाळची स्वस्त गाडी दिसली म्हणून पाहुण्यांना ११ वाजता पॅरिसला उतरवू नका. वीस पौंड वाचतात, आयफेलची एक रांग जाते.

गटाचं दिवसाचं तिकीट: म्युनिक ते साल्झबुर्ग

जर्मनीत प्रादेशिक गाड्यांसाठी राज्याचं दिवसाचं तिकीट मिळतं. बायर्न-तिकिटावर पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं. पहिल्या माणसाचं भाडं जास्त, पुढच्या प्रत्येकाचं थोडं. भाडं ठरलेलं, त्यामुळे त्याच सकाळी काढा. ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं, म्युनिकच्या मेट्रोत आणि बसमध्येही चालतं.

अडतं ते तीन ठिकाणी. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. नऊच्या आधीच्या गाडीत बसलात तर तिकीट असूनही विनातिकीट. दुसरं, म्युनिकच्या त्याच स्टेशनवरून रेलजेट आणि युरोसिटी या वेगवान गाड्याही साल्झबुर्गला जातात, त्यात हे तिकीट चालत नाही. प्रादेशिक गाडीला पावणेदोन-दोन तास, रेलजेटला दीड. वीस-तीस मिनिटांसाठी दंड ओढवून घेऊ नका. फलाटाच्या पाटीवर गाडीच्या नंबराआधीची अक्षरं वाचा. तिसरं, प्रवाशांची नावं तिकिटावर लिहायची असतात.

आणि पासपोर्ट खिशात असू द्या. शेंगेन असलं तरी जर्मनीत परत शिरताना पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट मागतात. हॉटेलच्या तिजोरीतला पासपोर्ट आणि मोबाइलमधला फोटो यावर भागत नाही.

डोंगरावर जायचं असेल तर वेबकॅम

स्वित्झर्लंडमधलं साधं तिकीट शेवटच्या मिनिटालाही त्याच भावात मिळतं. सवलतीचं सुपरसेव्हर तिकीट मात्र ठरावीक गाडीला बांधलेलं असतं आणि दिवसाचा सेव्हर पास जितका आधी तितका स्वस्त. झुरिकहून ल्युसर्न किंवा बर्न असेल तर सुपरसेव्हर खुशाल घ्या, शहर पावसातही बघता येतं.

३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखचं गणित वेगळं आहे. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडं २०० फ्रँकच्या वर. वर ढग असतील तर समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, आणि ढग आले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आल्प्समधला अंदाज दोन-तीन दिवसांपलीकडे धरू नये. म्हणून तिथे तीन रात्री मुक्काम असेल तर तिकीट आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी काढायचं. वरच्या वेबकॅमचं चित्र सहाला बघा, निळं दिसलं की निघा. जुलै-ऑगस्टच्या गर्दीत शेवटच्या टप्प्यासाठी जागेचं वेगळं आरक्षण मिळतं, तेही आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून करा. एकच रात्र मुक्काम असेल तर हा सगळा खटाटोप करता येत नाही. मग सरळ जुगार आहे हे धरूनच पैसे भरा.

परतीचं तिकीट वेगळं तोला

जाण्याची वेळ पक्की असते, परतीची नसते. जेवण लांबतं, मुलं दमतात, एखादा देखावा सोडवत नाही. भाडं चढणाऱ्या मार्गावर जाण्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट घ्या आणि परतीचं बदलता येणारं. दोघांतला फरक दहा-पंधरा युरो असेल तर तो द्यावा. फरक तीस-चाळीस असेल तर स्वस्तच घ्या, पण मनातल्या वेळेपेक्षा तासभर उशिराची गाडी धरा.

तिकीट काढण्याआधी त्या मार्गाची शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघा. वेगवान मार्गांवर आठ-नऊ वाजता खेळ संपतो. शेवटच्या गाडीचं तिकीट कधीच काढू नका, शेवटून दुसरीचं काढा. गाडी रद्द झाली तर मागे एक तरी उरते.

संपाचा दिवस

इटलीत रेल्वेचा संप किमान दहा दिवस आधी जाहीर करावा लागतो. त्यामुळे सहलीच्या दहा दिवस आधी 'शोपेरो' (sciopero, म्हणजे संप) आणि तारीख टाकून शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात, म्हणजे सकाळी लवकर निघून साडेसहाच्या सुमाराला परतलात तर सहल होऊ शकते. फ्रान्समध्ये कुठली गाडी चालणार ते आदल्या संध्याकाळी कळतं. संपात रद्द झालेल्या गाडीचे पैसे परत मिळतात, स्वस्तातल्या तिकिटाचेही. पण मूळ रेल्वेच्या साइटवरून काढलं असेल तर ते सोपं जातं. मध्यस्थ ॲपवरून काढलं असेल तर आधी त्यांच्याशी पत्रव्यवहार.

पैसे भरताना

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे भारतीय कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार आपण स्वतः चालू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये ते निघण्याआधी करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, आणि तिथे गेल्यावर तेच सिम काढून ठेवलेलं असतं. भाडं चढणारी तिकिटं म्हणून घरूनच काढलेली बरी. काही परदेशी साइट भारतीय क्रेडिट कार्ड घेत नाहीत, तिथे फॉरेक्स कार्ड चालून जातं. 'रुपयांत भरा' असा पर्याय आला तर नाकारा आणि युरोतच भरा, रुपयांचा भाव नेहमी चढा लावलेला असतो.

ठरलेल्या भाड्याचं कागदी तिकीट इटलीत स्टेशनवरच्या मशिनवर घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. त्यानंतर ते चार तास चालतं. मोबाइलवरच्या रेजिओनाले तिकिटाला शिक्क्याऐवजी चेक-इन असतं, तेही बसण्याआधीच करायचं. पैसे भरलेले असूनही पर्यटकांना दंड होतो तो बहुतेक याच कारणाने, आणि 'माहीत नव्हतं' हे तिकीट तपासनीस ऐकून घेत नाही. चार जणांची चार तिकिटं असतील तर चारही यंत्रात घाला.